खंडेनवमीला पुजलेल्या छिन्न्या

इंदरगंजाकडच्या एका पिठाच्या गिरणीत मी कारभारी होतो. म्हणजे यंत्रातलं ओ की ठो कळत नसताना यंत्रवाल्यांवर नजर ठेवायची. नजर ठेवण्यात मात्र मी तरबेज होतो.

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मिस्त्रीने इंजिनाची लोखंडी बैठक उचलून पुन्हा सपाटीत आणली. तिच्याखाली चुना भरायचं दसऱ्यानंतर ठरलं. मधे आली खंडेनवमी. आम्ही उत्तरेत येऊन राहिलेली दक्षिणी, म्हणजे मराठी माणसं, त्या दिवशी शस्त्रं पुजणार. पूर्वजांची तलवार घरात उरली नव्हती, तेव्हा गिरणीतल्या हत्यारांवर मी हौस भागवी. पाने, हातोड्या, करवती सगळं पाटावर मांडलं. इंजिनाच्या बुडाशी दोन चपट्या छिन्न्या खुपसलेल्या दिसल्या. मिस्त्रीच्या गबाळेपणाला नावं ठेवत त्या ठोकून काढल्या, धुतल्या, हळदकुंकू वाहिलं आणि पूजा आटोपून तबक घरी नेलं.

दसरा झाल्यावर, चुना भरायच्या आधी एकदा इंजिन चालवून पाहिलं, तर ते पिसाळलेल्या रेड्यासारखं नाचायला लागलं. पट्टा निसटला, गिऱ्हाईकं पळाली. मिस्त्री वाकून बघत म्हणाला, "पंडितजी, नीचे की दो पच्चड़ें गायब हैं। किसी ने जानकर निकाली हैं।"

पाचर लाकडाचीच असते, एवढं माझं ज्ञान. शिवाय चोर आधी ओरडतो, हा माझा लाडका सिद्धांत. त्यात पलीकडच्या गिरणीवाल्याबरोबर बाड्याच्या चौकात पान खाताना मी मिस्त्रीला पाहिलेला. लगेच मालकांच्या कानाला लागलो.

"संध्याकाळी येतो," मालक म्हणाले. "तोवर पाचरी मिळाल्या नाहीत, तर मिस्त्रीला कायमची रजा."

सकाळभर मी त्याची पाठ सोडली नाही. तो हात धुवायला गेला की त्याची पिशवी चाचपायचो. एकदा त्याने पकडलंच.

"उसमें रोटी है पंडितजी, इंजन नहीं।"

दुपारी माधवगंजात घरी जेवायला बसलो. बायको म्हणाली, "अहो, पूजेच्या तबकातनं ते लोखंडाचे तुकडे कशाला आणलेत? शेगडी डुगडुगत होती, मी ते तिच्या पायाखाली सारलेत. बघा कशी घट्ट बसलीय!"

मी ताट बाजूला सारलं. "म्हणजे हे खाली सारायचे असतात?"

"मग काय डोक्यावर ठेवायचे?"

शेगडी तशीच उचलली. अर्धी आमटी जमिनीवर, थोडी त्या तुकड्यांवर. धावत गिरणीत आलो. मिस्त्री बाहेर विडी ओढत होता. कुणाला कळायच्या आत जागच्या जागी ठोकून मोकळं व्हावं म्हणून इंजिनापाशी पालथा पडलो.

"कारभारी!"

मालक लवकर आले होते. मागे मिस्त्री.

"लो सरकार, चोर मिल गया।"

मी सगळं खरं सांगितलं. इतकं खरं मी नोकरीत कधीच बोललो नव्हतो, आणि कुणाचाच विश्वास बसेना. शेवटी मालकांनी एक पाचर नाकाशी नेली. कुंकू पाहिलं, आमटी हुंगली आणि मटकन पोत्यावर बसून हसत सुटले.

मिस्त्रीची नोकरी राहिली. तो मात्र हसला नाही. पुढे दरवर्षी खंडेनवमीला तो पूजेआधी इंजिनाभोवती एक फेरी मारी, पूजेनंतर दुसरी. मग दारात आडवा उभा राहून म्हणे, "पंडितजी, ज़रा धोती झटकिए।"

मी झटकायचो. मालकांचं तसं फर्मानच होतं.