कंडक्टरसाहेबांची जपानी

जपानी भाषा आजवर कितीतरी लोक शिकले असतील, पण ती बुलढाणा ते धामणगाव बढे या एस.टी.च्या थांब्यांवर बसवून शिकलेला माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे आणि तो आमच्या घरासमोर राहतो. ईशान, रेवा, मागे एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना तुम्ही विचारलं होतंत, "आजी, तुझ्या मागे कोण ओरडतंय?" ते हेच. ते ओरडत नव्हते, अभ्यास करत होते.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना कंडक्टरसाहेबच म्हणते. आयुष्यभर भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय असल्यामुळे ते शेजारच्या माणसाशीही तीस फुटांवरून बोलल्यासारखं बोलतात. बायको फार लवकर गेली. एकुलती एक लेक स्वाती. ती शाळेत माझ्याकडे इंग्रजी शिकली, पुढे नर्सिंग केलं आणि म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याच्या नोकरीवर जपानला गेली. तिथे बरोबर काम करणाऱ्या मुलाशी तिचं जमलं. लग्न पुढच्या वर्षी बुलढाण्यात करायचं, मुलगा आणि त्याची आई इकडे येणार, असा तिचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला कंडक्टरसाहेब माझ्या दारात उभे. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये जपानी डिक्शनरीचं ॲप.

"मॅडम, याच्यात मराठी नाही. इंग्रजी टाका तं जपानी निघते. म्हणजे इंग्रजी तुमची, जपानी त्याची, अन् मेहनत माही. जमते का?"

मी म्हटलं, "अहो, स्वातीला जपानी येते, जावयाला थोडी इंग्रजी येते. तुम्हाला काय गरज?"

ते ओट्यावर बसले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "इहीनबाईसोबत एक गोष्ट बोलाची हाय. ते स्वातीच्या तोंडून कशी बोलू? तिचीच हाय ना ते गोष्ट."

गोष्ट अशी होती. स्वाती लहान असताना त्यांची गाडी मुक्कामी असली की ते तिला धामणगाव बढ्याला एका नातेवाइकांकडे ठेवत. एकदा तिथे तिला जेवायला विचारलं. परकं घर, लाजून ती "नको" म्हणाली. घर कामात होतं, पुन्हा कुणी विचारलं नाही. पोर उपाशी झोपली. सकाळी परतीच्या गाडीत, मागच्या बाकावर बसून तिने यांच्या डब्यातली शिळी भाकरी एवढ्या भराभर खाल्ली, की तेव्हा यांना कळलं. "तिची आदतच हाय मॅडम. पहिल्यांदा नाहीच म्हनते. दुसऱ्यांदा इचारलं का मग हाव म्हनते. मले ठाऊक हाय, तिकडं कोनाले ठाऊक हाय? तेवढं एक मले माह्या तोंडानं सांगाचं हाय, का बाई, माह्या लेकीले दोनदा इचारजा."

एका वाक्यासाठी कुणी अख्खी भाषा शिकायला घेतं का? मी ते वाक्य ॲपमधून काढून, देवनागरीत लिहून, पाठ करून घ्यायला तयार होते. आठवड्याचं काम. पण कंडक्टरसाहेबांना ते पटलं नाही. घरात आलेल्या पाहुण्याला दारातच काम सांगायचं का? आधी या म्हणायचं, बसा म्हणायचं, पाणी, चहा, प्रवास कसा झाला, मग जेवण, आणि जेवणानंतर सुपारी कातरताना सहज सांगितल्यासारखं ते वाक्य. म्हणजे आधीचे दोन तास जपानीत काढायला हवेत!

मी चार रकान्यांची वही आखून दिली: मराठी, इंग्रजी, जपानी, तारीख. त्यांनी पाचवा रकाना स्वतः आखला: थांबा. बुलढाण्याहून निघताना पाच सोपे शब्द, घाट उतरेपर्यंत अवघड, मोताळ्याला चहा, पुढे उजळणी. सकाळी गल्लीत फेऱ्या मारताना ते मनातल्या मनात ही गाडी चालवत. शब्द आठवला की तोंडाने "टिंग टिंग" अशी डबल बेल देत आणि पुढे निघत. आठवला नाही की एकच "टिंग", आणि गाडी जागच्या जागी उभी. एकदा ते मारुतीच्या देवळासमोर पाऊण तास उभे होते. लोकांना वाटलं, नवस आहे. प्रत्यक्षात घाटात 'उशी' अडकली होती.

ॲपमध्ये शब्द उच्चारून दाखवणारा एक बाईचा आवाज आहे. त्या आवाजाला ते 'बाई' म्हणत आणि फार मान देत. बाई बोलत असताना कुणी मध्ये बोललेलं त्यांना चालत नसे. "थांबा ना जरा, बाई सांगून राह्यल्या!" असं त्यांनी गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही सुनावलं होतं. त्या ॲपवर रोज सकाळी एक नवा शब्द येतो. तो त्याच दिवशी वापरून टाकायचा, नाहीतर शिळा होतो, अशी त्यांची समजूत. एके दिवशी शब्द आला 'हिमनदी'. बुलढाण्यात हिमनदी कुठून आणायची? पण संध्याकाळपर्यंत त्यांनी भाजीवालीला, पोस्टमनला आणि माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांना 'ह्योओगा' ऐकवून संपवली. भाजीवाली म्हणाली, "नाही जी, ते मंगळवारी येईन."

त्या ॲपमध्ये बोटाने अक्षर काढलं की अर्थ सापडतो. कंडक्टरसाहेबांनी पहिल्याच दिवशी त्याची परीक्षा घेतली. आपला 'इ' काढून पाहिला. ॲपने न गडबडता सांगितलं, 'धनुष्य'. जपानीत धनुष्याचं अक्षर थेट आपल्या 'इ'सारखंच दिसतं म्हणे. तेव्हापासून त्यांचा त्या ॲपवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास बसला. मग कुठेही ते बोटाने अक्षरं काढू लागले, वाळत घातलेल्या हळदीत, स्कूटरच्या सीटवरच्या धुळीत, एकदा तर आमच्याकडे कढी वाढलेल्या ताटात.

आवडलेल्या शब्दाला त्या ॲपमध्ये चांदणी लावून ठेवता येते. वर्षाअखेर मी त्यांच्या चांदण्या तपासल्या. या, बसा, घ्या, आणखी एक घ्या, लाजू नका, गरम आहे, तूप, पुन्हा घ्या, पोट भरून जेवा. सगळी यादी यजमानाची. मला तेव्हाच काहीतरी राहिल्यासारखं वाटलं, पण काय ते लक्षात आलं नाही. इतकी वर्षं शिस्तीने वह्या तपासणाऱ्या माझ्यासारखीच्याही नजरेतून ते सुटलं, कारण मीही याच मातीतली.

पाहुणे शेगावला रेल्वेने उतरले आणि गाडीने दुपारपर्यंत बुलढाण्यात आले. विहीणबाई लहानखुऱ्या, नीटनेटक्या, माझ्याच वयाच्या. कंडक्टरसाहेबांनी दारातूनच, घाटातल्या गाडीला थांबवावं अशा आवाजात, "या" आणि "बसा" जपानीत म्हटलं. विहीणबाई आधी दचकल्या, मग त्यांनी इतकं वाकून उत्तर दिलं, की कंडक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहून हळूच "टिंग टिंग" केलं. स्वाती हातावर मेंदी काढायला आत बसली, जावई मांडव पाहायला गेला, आणि पंगतीला आम्ही तिघंच उरलो. कंडक्टरसाहेब स्वतः वाढायला. मोबाइल खिडकीत, कारण एका हातात पुरणपोळ्यांची परात आणि दुसऱ्या हातात तुपाची वाटी.

पुढे जे झालं ते कुणाच्याच चुकीने झालं नाही. विहीणबाईंच्या घरी ताटात काही टाकायचं नाही अशी शिस्त, म्हणून त्यांनी वाढलेली पोळी संपवली. आपल्याकडे रिकामं ताट दिसलं की वाढायचं, म्हणून यांनी दुसरी वाढली. त्यांनी तीही संपवली. यांनी "आणखी एक घ्या" म्हणत तिसरी वाढली, अर्थात जपानीत. त्या दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "जूऊबुन देस." हा शब्द वहीत नव्हता. कंडक्टरसाहेबांना वाटलं, स्वैपाकाची तारीफ चालली आहे. ते खूश होऊन म्हणाले, "लाजू नका," आणि चौथी वाढली. विहीणबाईंच्या कपाळावर घाम. तरी त्या खातच होत्या, कारण ताटात होती ना! पाचवी पोळी हवेत असताना मी उठले, खिडकीतला मोबाइल घेतला, इंग्रजीत 'पुरे' शोधलं आणि पडदा त्यांच्यासमोर धरला. ॲपमधल्या बाईंनी गोड आवाजात उच्चारून दाखवलं, "जूऊबुन."

कंडक्टरसाहेबांनी परात खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "मॅडम, सालभर शिकलो, अन् 'पुरे'च नाही शिकलो. पाहुन्याले छळलं मी. आता कोन्या तोंडानं सांगू?"

"सांगा," मी म्हटलं. "ह्याच तोंडाने."

ते हात जोडून, सुपारीबिपारी विसरून, एवढंच म्हणाले, की माझी मुलगी पहिल्यांदा नाही म्हणते, तिला दोनदा विचारा. बोट दाखवून स्वाती, मग स्वतःचं पोट, मग दोन बोटं. जपानी कशी होती ते मला सांगता येणार नाही, पण आवाज अगदी लहान होता.

विहीणबाईंनी ताटाकडे पाहिलं. मग परातीकडे. मग यांच्याकडे. आणि एकदम तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चार पोळ्या पोटात गेल्यावरच त्यांना कळलं असावं, की या घरात 'नको'चा अर्थ काय असतो. त्यांनी तीन बोटं वर केली. "सान्दो," त्या म्हणाल्या. तीनदा विचारीन. मग परातीतली एक पोळी उचलून त्यांनी यांच्यासमोर धरली. सकाळपासून चहावर असलेले कंडक्टरसाहेब सवयीने म्हणाले, "नको, नको." विहीणबाईंनी पुन्हा धरली. यांनी घेतली. आतल्या दारात स्वाती मेंदीचे दोन्ही हात वर धरून उभी होती. तिने किती ऐकलं होतं ते मी विचारलं नाही.

लग्न छान झालं. आता स्वाती फोनवर सांगते, की सासूबाई तीनदा विचारतात आणि तिसऱ्यांदा विचारताना हसतात. समोरचं घर दिवसभर शांत असतं, पण सकाळी गल्लीतून गाडी अजून जाते. मी विचारलं, "आता काय शिकताय? सांगून तर झालं." ते म्हणाले, "एक बार सांगून भागते काय, मॅडम? धा वर्सांनंही सांगता आलं पाह्यजे ना." 'पुरे'ला त्यांनी चांदणी लावली आहे, पण तो शब्द वापरताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

रविवारी तुमचा फोन येतो आणि मी विचारते, "जेवलात का रे?" तुम्ही "हो" म्हणता. थोडं इकडचं-तिकडचं बोलून मी पुन्हा विचारते, आणि रेवा म्हणते, "आजी, आत्ताच तर विचारलंस." हो ग, विचारलं होतं. माझं वय झालंय, पण विसरत नाही मी. ही सवय समोरच्या घरातून लागली आहे.