पाचव्या मजल्यावरची शिट्टी

आईने फोनवर एवढंच सांगितलं, "नंदाला घेऊन ये." त्यामुळे या वेळची सहल तशी सहल नव्हती. पण उरणकडे जायचा कुणाचा विचार असेल तर उपयोग होईल, म्हणून लिहिते.

नंदाताई माझी थोरली बहीण. भाऊजींनी उरणच्या पलीकडे, खाडीलगत, एका बारा मजली इमारतीत फ्लॅट घेतला होता. बिल्डर काही जणांच्या हातात चाव्या देऊन, लिफ्ट न बसवताच गायब झाला. मग भाऊजी गेले. तेव्हापासून ताई तिथे राहते. अख्ख्या इमारतीत एकटी.

कोपरखैरण्याहून निघालात तर नेरूळला उरणची गाडी पकडा. दुपारी खिडकी मिळते. पुढे रिक्षा मीटरने येत नाही, भाव आधीच ठरवा. माझ्या रिक्षावाल्या काकांनी डांबर संपलं तिथे ब्रेक मारला.

"म्होरं नाय जानार."

"रस्ता खराब आहे का?"

"रस्ता बरा हाय. बिल्डिंग बरी नाय. संध्याकालचे दिवे कदी तिसऱ्या माल्यावर, कदी नवव्या. मानूस कोन दिसत नाय."

पुढे चालत जावं लागतं. पाणी सोबत न्या, वाटेत टपरी नाही.

जिन्याला कठडा नाही, भिंतीच्या कडेने चढायचं. दुसऱ्या मजल्यावर एका दाराबाहेर बायकी चपला दिसल्या. तिसऱ्यावर लहान मुलाचे बूट आणि वर तोरण. मला हायसं वाटलं. चार माणसं असलेल्या घरी ताईची चौकशी करावी म्हणून बेल दाबली, तर बटण भिंतीतून निघून माझ्या हातात आलं. दार ढकललं. आत फरशीसुद्धा नव्हती. कबुतरं होती.

चौथ्या मजल्यावर ताईने चहा ठेवला होता.

"चपला मीच ठेवते," ती म्हणाली. "संध्याकाळी चार्जिंगचे दिवे लावते, रोज वेगळ्या मजल्यावर. रिकामं दिसलं की लोखंड काढायला येतात. आणि हे म्हणायचे, एक घर वसलेलं दिसलं की दुसरं वसतं."

"वसलं का?"

"अजून नाही."

संध्याकाळी तिच्याबरोबर दिवे लावायला गेले. वरून खाडी फार सुंदर दिसते, कठड्याची सवय असलेल्यांनी जपून बघावं. अकराव्या मजल्यावर एका दाराबाहेर भाऊजींच्या कोल्हापुरी चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या.

"त्यांना वरचा मजला हवा होता ना," ताई म्हणाली आणि दिव्याचं बटण दाबून पुढे गेली. मला रडू आलं. डोळे तिथेच पुसले, कारण खाली उतरताना ते स्वच्छ लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उरणच्या बाजारात गेलो. बोंबील ताजे मिळतात, घासाघीस मात्र जमली पाहिजे. परत येऊन जेवताना मी आईची तब्येत, स्वतःचा रक्तदाब, मिळेल ते सगळं पुढे केलं. शेवटी ताई म्हणाली, "बरं, येते. आईजवळच राहीन." तिचं मन बदलायच्या आत मी तिची बॅग भरून दारात ठेवली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

ताईचा कुकर ओट्यावर पालथा होता. आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. दुसरी शिट्टी झाली.

"हेही तूच का?" मी विचारलं.

"मी दिवे लावते. भात लावत नाही."

ताईने लाटणं घेतलं, मी सेल्फी स्टिक. पाचव्या मजल्यावर एक दार उघडं होतं. दारात टेम्पोतून उतरवलेल्या सामानाचा ढीग आणि आत डाव हातात घेतलेली एक बाई. तिने लाटण्याकडे पाहिलं आणि मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

ती संगीता. नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला, फ्लॅट त्यांचा स्वतःचा. आम्ही बाजारात होतो तेव्हा ते राहायला आले होते.

"आमी लई दिवस रोडवरून बघत होतो," ती म्हणाली. "लाईटी दिसायला लागल्या, म्हटलं सगळे आले वाटतं. कळंबोलीची खोली देऊन टाकली. ताई, तिसऱ्यावर कुणाचं लेकरू आहे? आमच्या पोरीला सोबत होईल."

ताईच्या हातातलं लाटणं खाली आलं. तिने खोटं बोलावं की खरं, मला ठरवता येईना.

"बाई, ते बूट माझ्या नणंदेच्या मुलाचे आहेत," ताई म्हणाली. "इथे मी एकटीच राहते."

संगीताने गॅस बंद केला.

"तुमी तर राहणार ना?" तिने शेवटी विचारलं.

ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "राहणार," म्हणाली.

मी एकटीच परत आले. गाडीत राग आला होता, ताईचा, भाऊजींचा आणि त्या कुकरचा. ही जागा बघायला जावं का, असं विचाराल तर नका जाऊ. ते कुणाचं तरी घर आहे.

काल ताईचा फोन आला. संगीताच्या सासूला बरं नाही म्हणून ती मंडळी गावी गेलीत, कधी परततील ठाऊक नाही. म्हणजे इमारतीत पुन्हा ती एकटी. मी स्पीकर लावला, आईलाही ऐकू जावं म्हणून.

"मग तोवर इकडे ये. लगेच निघ."

"वेडी आहेस का?" ताई म्हणाली. "त्यांची किल्ली माझ्याकडे आहे."

मी आईकडे पाहिलं, ती आता तरी दरडावेल म्हणून. आईने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "मग कशी येईल ती?"