कॉम्रेडची पदकं

कॉम्रेड आपल्याजवळचं जुनं रशियन पदक कुणाच्याही हातात बघायला देण्याआधी त्याच्यासोबतचा प्रमाणपत्राचा कागद उघडायचे आणि त्यावरचं नाव समोरच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. "निकोलाय स्तेपानोविच. म्हणा, मॅडम." मी म्हणायची. लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवायची, तिथं ते फिजिक्स शिकवत. कुठल्या पक्षाशी त्यांचा काही संबंध नव्हता. रशियात शिकून आले एवढ्यावरून पोरांनी नाव पाडलं होतं.

"एका लढाईची पदकं सगळी एकाच ठशाची," ते सांगायचे. "नंबर न्हाई, नाव न्हाई. स्टालिनग्राड कुणी राखलं ते हा कागद सांगतो. कागद हरवला की मागं नुसतं पितळ उरतं."

बायको आणि मुलीला इकडं ठेवून ते वरच्या शिक्षणासाठी तिकडं गेले होते, आणि नेमका तेव्हाच तो देश मोडला. म्हातारी माणसं बाजारात फडकं अंथरून आपली पदकं विकायला बसली. कॉम्रेडनी पोटाला चिमटा घेऊन जमतील तेवढी घेतली, कागदांसकट, आणि प्रत्येकाचा पत्ता विचारून. "भुकेपायी विकून राहिले होते हो. दिवस पालटले की ज्याचं त्याला द्यायचं, असं तिथंच ठरवलं मी."

ते परत आले आणि थोड्याच दिवसांत भूकंप झाला. त्यांची मीनू गणपतीसाठी निलंग्याकडच्या गावी काकाकडं गेली होती. शाळेत नुकतं नाव घातलेली पोर. विसर्जन करून दमून झोपलेलं घर पहाटे खाली बसलं. कॉम्रेड पोचले तेव्हा गावानं एकत्रच चिता रचल्या होत्या. कुठल्या चितेवर कोण, हे सांगणारंही कुणी शिल्लक नव्हतं.

त्यानंतर दर अमावास्येला ते बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, घेऊन त्या पडक्या गावात जात. एकदा मीही सोबत गेले. घर होतं तिथल्या दगडांसमोर उभं राहून त्यांनी भावाचं, भावजयीचं आणि मग मीनूचं पूर्ण नाव घेतलं, वर्गात हजेरी घ्यावी तसं. वहिनी लांब बाभळीखाली पाठ करून उभ्या होत्या.

"नाव घेतलं की माणूस राहतं, मॅडम," ते मला म्हणाले.

वहिनी तिकडूनच बोलल्या, "तुमच्यापाशी राहत असंल. मला नका आणत जाऊ इथं."

पुढच्या अमावास्येला दोघं पुन्हा गेले. वर्षानुवर्षं जात राहिले. आपण वहिनींचं दुःख हलकं करतोय अशी कॉम्रेडची मनापासून समजूत होती.

तोवर लातूर क्लाससाठी आलेल्या पोरांनी भरून गेलं. नांदेड, अर्धापूर, बिलोली, कुठून कुठून आईबाप पोरं आणून खोल्या शोधू लागले. ज्यांचा मेडिकलचा नंबर इथं लागत नसे, त्यातली काही रशियाला जाऊ लागली. कॉम्रेडना हाच मुहूर्त वाटला. आमची एक विद्यार्थिनी व्होल्गाकाठच्या शहरात निघाली, तिच्याजवळ त्यांनी त्याच शहरातल्या निकोलाय स्तेपानोविचचं पदक कागदासह आणि पत्त्यासह दिलं. "म्हातारा नसंल आता. पोराबाळांच्या हातात दे," म्हणाले.

महिन्याभरानं तिचा क्लासवर फोन आला. म्हातारा जिवंत होता, त्याच्याच घरून ती बोलत होती. कॉम्रेडनी टीचर्स रूममध्ये फोन घेतला, आनंदानं मोठ्यानं रशियनमध्ये बोलू लागले. मग बोलणं थांबलं. ते नुसतं ऐकत राहिले. शेवटी रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, मी भुकेसाठी विकलं न्हवतं. माझ्या तुकडीतला मी एकटा वाचलो. ते पदक घरात होतं तोवर मला झोप न्हवती. विकलं त्या दिवशी सुटलो होतो. तुला कुणी सांगितलं परत पाठवायला?"

ते उठून खिडकीशी गेले. खाली नवी बॅच आत येत होती. मग एकदम म्हणाले, "आमची ही तरी दुसरं काय सांगत होती, मॅडम? इतकी वर्षं सांगून राहिली."

त्या अमावास्येला ते गावी गेले नाहीत. नंतर कधी एकटेही गेले नाहीत. उरलेली पदकं कपाटातच राहिली. घरात मीनूचं नाव त्यांनी बंद केलं, आणि ते त्यांना फार जड गेलं. शिकवताना मध्येच थांबत. तब्येत उतरली.

दोन वर्षांनी त्यांनी लातूर सोडलं. वहिनींचं माहेर नांदेडला, तिथं जायचं ठरलं. निरोप घ्यायला टीचर्स रूममध्ये आले तेव्हा बसले, पाणी प्याले.

"काल सामान बांधताना खालून पोरी क्लासला चालल्या होत्या," ते म्हणाले. "ही गॅलरीत उभी होती. आपणहून म्हणाली, आपली मीनू असती तर यंदा बारावीला असती."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काही न्हाई. शेजारी जाऊन उभा राहिलो. लई बोलली ती, मॅडम. अंधार पडेपर्यंत बोलली."