दुखतंय म्हणून सांग

माझ्या मुलीला सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. आम्ही कोडोलीचे, नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. कोल्हापूरच्या दवाखान्यात केमो सुरू झाला आणि दुसऱ्या वेळेनंतर पोरीचं तोंड आतून सोलून निघालं. पाण्याचा घोटही उतरेना. एवढी बडबडी पोर, बोलायचीच थांबली. बघायला येणारे म्हणायचे, "औषध जालीम हाय, सोसाय लागतंयच की!" आम्हालाही तेच खरं वाटायचं.

एका सकाळी वॉर्डात नव्यानं आलेल्या डॉक्टरबाई तिच्या कॉटवर टेकल्या. मला काही न विचारता त्यांनी तिच्यापुढं एक कागद धरला. त्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे काढलेले. "तुला किती दुखतंय? दाखव बघू." पोरीनं शेवटच्या, डोळ्यांना धार लागलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि तिचा बांध फुटला.

डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "ताई, दुखणं कमी करणं हासुद्धा उपचारच आहे. तिनं ते सोसत बसायचं नाही."

त्याच दिवशी दुखण्यावरचं औषध सुरू झालं. घास भरवण्याआधी तोंड बधिर करणारं औषध कसं लावायचं, चुळा कशा भरायच्या, हे सिस्टरनी मला करून दाखवलं. सुई टोचण्याआधी हाताला बधिर करणारं मलम लावायलाही तेव्हापासून सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी पोर घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, तांबडा रस्सा पायजे."

डॉक्टरबाई शेजारच्या कॉटपाशी होत्या. मोठ्यानं हसल्या. "तांबडा नको गं बाई, झोंबेल! अळणी चालेल, मटणाचं बिनतिखटाचं पाणी. घरी ताजं शिजवा आणि कोमट करून द्या."

नवरा तसाच उठून मटण आणायला गेला. कोल्हापुरातच राहणाऱ्या माझ्या बहिणीनं पाणी घालून छान मऊ शिजवलं. पोरीनं ते अळणी चमच्या-चमच्यानं वाटीभर प्यायलं. मी व्हरांड्यात जाऊन पोटभर रडले. नवरा मागून आला. "आता का रडतीस? जेवली की पोरगी!"

उपचार पुढंही बरेच महिने चालले. त्रास झाला, ताप आले, पण दुखलं की ती लगेच सांगायची आणि कुणीतरी ऐकायचं.

आज ती बरी आहे, शाळेत जाते. तिला वाचवलं औषधांनी. पण दवाखान्याची धास्ती तिच्या मनात बसली नाही, हे डॉक्टरबाईंचे उपकार. तपासणीच्या दिवशी नवा फ्रॉक घालून तीच आधी तयार होते आणि बापाला हाक मारते, "उठा की वो, उशीर हुतोय!"