ताटातलं नाव

दुपारी जेवून मी कादंबरी छातीवर ठेवून आडवी होते. पंख्याची घरघर लांब लांब जाते. कादंबरी जुनी, अमेरिकेतली. नवरा बायकोला जपण्याच्या नावाखाली घरात कोंडून ठेवतो आणि अख्ख्या पुस्तकात तिला कोणीही नावानं हाक मारत नाही. शेवटी ती बर्फात निघून जाते. माझा प्रबंध तिच्यावरच आहे आणि परवा माझं लग्न आहे. प्रबंधात मी अगदी वाघीण. पण होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "उल्का नको गं, कोसळणारा तारा तो. ताटात श्रावणी लिहू," तेव्हा मी नंदीबैलासारखी मान डोलावून आले. तेव्हापासून घास गोड लागत नाहीये.

"झोपलीस? माझ्या तासाला?"

रेगेबाई! ही कादंबरी मला त्यांनीच शिकवली. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे. तरी त्या फळ्यापाशी खडूनं हात पांढरे करून उभ्या आहेत, आणि मला इतका आनंद होतो की मी बाकावरून उठून त्यांना मिठीच मारते.

"बाई, ती शेवटी मरते ना? सगळे टीकाकार तसंच लिहितात."

"पानावर मेलीय?"

"नाही. चालत जाते."

"मग चालतेय. घराबाहेर पडलेल्या बाईला मेली म्हणायची एवढी घाई कोणाला, ते शोध की."

बाई वर्गाचं दार उघडतात. पलीकडे माझंच मंगल कार्यालय. सनई वाजतेय, खिडक्यांबाहेर बर्फ पडतोय, आणि त्यातून ती येते, कादंबरीतली. बूट भिजलेले, गाल लालबुंद. बाई तिच्या हातात गरम जिलबी ठेवतात.

"आणखी आहे?" ती चक्क मराठीत विचारते. मला त्याचं काहीच वाटत नाही.

पाटासमोर ताट. पसरलेल्या तांदळात अंगठीनं लिहिलंय, श्रावणी. बाई तळहातानं ते सपाट करतात.

"माझ्या लग्नात मी सकाळी गोदावरी होते, दुपारी वैजयंती. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. वैजयंती म्हणून हाक आली की मी मागे वळून बघायचे, कोणाला बोलावतायत!" आम्ही तिघी हसून हसून बेजार होतो. मग बाई हळूच म्हणतात, "तेव्हा पुसायचं राहून गेलं गं."

ती पाकानं चिकट झालेल्या बोटानं तांदळात काहीतरी लिहिते आणि फक्त बाईंना दाखवते. बाईंच्या डोळ्यांत पाणी येतं. "किती छान नाव!"

"मलाही दाखव ना."

"आधी तुझं लिही," ती म्हणते आणि आपल्या चिकट हातानं माझा हात तांदळात रोवते.

"सासूबाई रागावतील."

"रागावू देत," बाई म्हणतात. "पंगत बसेपर्यंत निवळतील."

आई चहाला हाका मारतेय. पंखा घरघरतोय. माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते, तर आत चिमूटभर तांदूळ, पाकानं तळव्याला चिकटलेले.

ते तसेच ठेवून मी डाव्या हातानं सासूबाईंना फोन लावते.

"काकू, मी उल्का बोलतेय. लग्नानंतरही मीच बोलणार आहे."