खळ्यावर बसलेले मास्तर

उत्तमराव मेहरे यांनी अमरावतीच्या कॉलेजाला विद्यापीठाचा बास्केटबॉलचा कप आठ वेळा मिळवून दिला. पण ते स्वतः सांगत, की मैदानावर उभे राहण्यात जेवढे आयुष्य गेले, त्याहून जास्त लोकांच्या ओसरीवर बसण्यात गेले. हे सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा नसे. थकलेला असे.

ते तिवशाचे, माळ्याच्या घरचे. घरी वांगी, मेथी, कांदे आणि लग्नसराईत झेंडू. थोरले भाऊ खुशालराव यांनी मळा सांभाळला आणि धाकट्याला शिकू दिले. उत्तमराव कॉलेजात ड्रिलमास्तर म्हणून लागले. दुसऱ्या वर्षी कॉलेजाने त्यांना शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी मद्रासला पाठवले. तिथून ते एक कातडी चेंडू आणि दोन लोखंडी कड्या घेऊन परतले. त्या वेळी अमरावतीत हा खेळ कुणाला ठाऊक नव्हता. राजापेठेतल्या लोहाराने कड्या खांबांवर बसवून दिल्या आणि विचारले, यात घालायचे काय? उत्तमराव म्हणाले, चेंडू. लोहाराने खाली पाहिले आणि विचारले, मग तो खालून पडणार नाही काय?

मैदान काळ्या मातीचे होते. पावसाळ्यात तिथे पाय रुतत आणि उन्हाळ्यात भेगा पडत. मुरूम टाकला, पण दोन पावसाळ्यांत मातीने तो गिळला. चेंडूचा टप्पा गुडघ्याच्या वर येईना, आणि आला तरी कुठे वळेल याचा नेम नसे. मद्रासला शिकलेल्या खेळातला अर्धा भाग या जमिनीवर चालणार नव्हता. उत्तमरावांनी तो सोडून दिला. टप्पा मारत पळणे त्यांनी बंदच केले आणि मुलांना एकच गोष्ट शिकवली: चेंडू हातात आला की दोन श्वासांच्या आत दुसऱ्याच्या हातात गेला पाहिजे. नवीन पोरगा मैदानावर आला की पहिले वाक्य ठरलेले असे.

"जमिनीले चेंडू दाखवू नोका."

नागपूरच्या कॉलेजांना याचे उत्तर सापडायला बरीच वर्षे लागली. त्यांची मुले चेंडू आपटत येत, आणि अमरावतीच्या पाच जणांत चेंडू नेमका कुणाकडे आहे हे कळण्याआधी तो कडीतून खाली पडलेला असे.

अडचण खेळाची नव्हती, दिवसांची होती. विद्यापीठाचे सामने पौषात होत. त्या दिवसांत वऱ्हाडात कापूस वेचणीला आणि ज्वारी खळ्यावर आलेली असते. उत्तमरावांचे निम्मे खेळाडू शेतकऱ्यांचे मुलगे. बाप लिहून पाठवत, की गाड्या बाजारात न्यायच्या आहेत, खळ्यावर घरचे माणूस पाहिजे, पोराला पाठवून द्या. मग उत्तमराव सर्व्हिस मोटारीने, बैलगाडीने, कधी पायी त्या गावी जात. युद्धाच्या काळात मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, तेव्हा चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचे. ओसरीवर बसल्यावर ते खेळाचे नाव काढत नसत. यंदा बोंडअळी किती, ज्वारीला दाणा कसा भरला, एवढेच. दुसऱ्या चहाला बापच विचारी, "कावून आले मास्तर?"

त्यावर त्यांचे एकच म्हणणे असे. पोरगा पाच दिवस माझा. त्याच्या जागी मी माणूस देतो. सोमवारी पोरगा परत.

तो माणूस म्हणजे खुशालराव. सोळा हिवाळे खुशालराव दुसऱ्यांच्या खळ्यांवर बसले. कुणाचे खळे तळेगावला, कुणाचे मोझरीला. सामना काय असतो हे त्यांनी एकदाही पाहिले नाही. पुढे जुने खेळाडूही असे बदली माणूस म्हणून जाऊ लागले. ज्याच्या खळ्यावर एके काळी खुशालराव बसले होते, तो नोकरीतून रजा काढून दुसऱ्या पोराच्या खळ्यावर जाऊन बसे. उत्तमरावांनी हे कुणाला करायला सांगितले नव्हते. पण नाहीही म्हटले नाही.

एकोणीसशे सेहेचाळीसच्या पावसाळ्यात खुशालराव वारले. त्याच साली उत्तमरावांनी प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगून टाकले, की हे आपले शेवटचे वर्ष. गुडघे गेले होते. ओसऱ्यांचाही कंटाळा आला होता. एक सामना मात्र त्यांना डोळ्यांनी पाहायचा होता. अकोल्यात नवीन कॉलेज निघाले होते आणि तिथल्या संघाला पुंजाराम वानखडे शिकवत होता. पुंजाराम हा उत्तमरावांचाच जुना खेळाडू. आपण शिकवलेला खेळ समोरच्या बाजूने कसा दिसतो, ते त्यांना पाहायचे होते. दोन्ही संघ शेवटच्या सामन्यापर्यंत आले. सामना अकोल्याला ठरला.

आणि कौंडण्यपूरच्या बाजूने नत्थुजी राऊतांचा निरोप आला, की भगवंतला पाठवून द्या, ज्वारी खळ्यावर आली आहे.

भगवंत हा संघातला सर्वांत उंच मुलगा. त्याच्याशिवाय कडीखाली उभे राहायला कुणी नव्हते. उत्तमराव गेले. ओसरीवर बसले. दोन चहा झाले. त्यांनी खुशालरावांच्या जागी धामणगावच्या एका जुन्या खेळाडूचे नाव सांगितले.

"त्याले मी ओळखत नाही," नत्थुजी म्हणाले. "तुमचा भाऊ होता तवा गोष्ट अलग होती. यंदा ज्वारीचा भाव तुमाले मालूम हाये. दोन खळ्यांवरून पोते चोरीले गेले. घरचं नाही तं घरच्यासारखं माणूस पायजे. तुमी बसा."

"मले अकोल्याले जा लागते, नत्थुजी."

"मंग पोट्ट्याले राहू द्या. एकजण इथं पायजे. कोण, ते तुमी पाहा."

यात खोच नव्हती. नत्थुजी सरळ हिशेबाचा माणूस. एवढी वर्षे मास्तर जे स्वतः म्हणत आले, तेच त्यांनी परत ऐकवले होते.

खळ्यावर आपणच बसणार, असे उत्तमरावांनी अमरावतीला परतल्यावर सांगितले. कॅप्टनने सांगून पाहिले, की भगवंत नसला तर चालेल, पण मास्तर नसले तर चालणार नाही. उत्तमरावांनी त्याला विचारले, की बाहेर बसणाऱ्याने आजपर्यंत एक तरी बास्केट केली आहे काय? घरी माणिकबाईंनी त्यांचे धोतर, घोंगडी आणि ठेच्याची डबी पिशवीत भरली.

"आजपर्यंत लोकांचे पोट्टे मागून आणले," त्या म्हणाल्या. "आता सोताच गहाण पडले."

उत्तमराव हसले. मोटारीत बसताना आपल्याला थोडे हायसेच वाटले, हे त्यांनी माणिकबाईंना पुढे कधीतरी सांगितले. पाच दिवस कुणाला काही मागायचे नव्हते.

खळ्यावरचे काम अवघड नव्हते, पण संपत नव्हते. बैल कणसांवरून फिरत. मागून शेण उचलायचे, भूस बाजूला सारायचे, कडब्याच्या गंजीपाशी गुरे येऊ द्यायची नाहीत, आणि रात्री तिथेच पडायचे. पहिल्या दिवशी गडी त्यांना मास्तर म्हणून लाजत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडूनच तंबाखू मागू लागले. एका म्हाताऱ्या गड्याने विचारले, की मास्तर, तुमच्या त्या खेळात जिंकले तर काय मिळते? उत्तमराव म्हणाले, कप. चहाचा काय, असे म्हाताऱ्याने विचारले. त्याहून मोठा, असे सांगितल्यावर म्हातारा म्हणाला, मग दुधाचा असेल.

सामन्याच्या संध्याकाळी उत्तमराव उपणणीला उभे होते. वारा चांगला होता. अकोल्याला आता चेंडू वर उडाला असेल, एवढे एकदा मनात आले. मग भूस डोळ्यात गेले.

सोमवारी सकाळी रास मोजायला घेतली. रास मोजताना त्या भागात कुणी बोलत नाही. मोजणारा पूर्वेकडे तोंड करून बसतो, पहिल्या मापाला लाभ म्हणतो, आणि त्यानंतर शेवटचे माप पडेपर्यंत खळ्यावर शब्द निघत नाही. बोललेले राशीला लागते असे मानतात. नत्थुजी माप भरत होते. उत्तमराव पोत्याचे तोंड उघडे धरून उभे होते.

थोड्या वेळाने बांधावर दोन माणसे दिसली. भगवंत आणि त्याच्यामागे पुंजाराम. दोघांनी खळ्याच्या कडेला जोडे काढले. रास चालू आहे हे पाहून दोघेही गप्प उभे राहिले.

उत्तमरावांनी भगवंतकडे पाहिले. त्याचा चेहरा बापासारखाच होता. त्यावरून काही कळायची सोय नव्हती. मग पुंजारामकडे पाहिले. पुंजाराम खाली पाहत होता. हरला असेल तर खाली पाहीलच. पण जिंकला असेल, तरी तो मास्तरांसमोर खालीच पाहणार. माप पडत राहिले. विचारता येत नव्हते.

भगवंत पुढे आला. त्याने उत्तमरावांच्या हातातून पोत्याचे तोंड घेतले. एकाचे हात निघाले, दुसऱ्याचे लागले, आणि पुढचे माप बरोबर पोत्यात पडले. उत्तमराव बाजूला झाले आणि कडब्याच्या पेंढ्यांना टेकून पुंजारामशेजारी बसले. दोघांमध्ये हातभर अंतर होते आणि कप कुठे गेला हे त्यातल्या एकाला माहीत होते. ऊन अंगावर आले होते. पाच रात्रींची झोप बाकी होती. रास अर्धी होण्याआधीच उत्तमराव झोपले.

शेवटचे माप पडल्यावर नत्थुजींनी हात झटकले आणि पुंजारामला विचारले, कोण जिंकले? पुंजारामने सांगितले. नत्थुजींनी झोपलेल्या माणसाकडे पाहिले.

"मंग उठवू नोका," ते म्हणाले.

उत्तमराव जागे झाले तेव्हा पोती गाडीवर चढली होती. त्यांनी आधी विचारले, भगवंत वेळेवर आला होता ना? मग त्यांच्या लक्षात आले, की आपणच पाहिले आहे. पुंजारामने चहाची कपबशी पुढे केली.

"तीन गुणांनी, मास्तर. आमी."

"बरं," उत्तमराव म्हणाले. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विचारले, "जमीन कशी होती?"

पुंजारामने सांगितले, की अकोल्याचे मैदान नवीन आहे, मुरूम दाबून वर रोलर फिरवला आहे, चेंडू छातीपर्यंत येतो. आणि मग जे सांगायला तो एवढ्या लांब आला होता, ते त्याने सांगितले. सामना संपत आला होता आणि अमरावती एका गुणाने मागे होती. भगवंतच्या हातात चेंडू आला. समोर कुणी नव्हते. दोन टप्पे मारून कडीखाली जायचे, एवढेच काम होते. भगवंत थांबला. त्याने चेंडू द्यायला माणूस शोधला. तेवढ्यात अकोल्याच्या पोराने चेंडू काढून घेतला आणि दुसऱ्या टोकाला नेऊन कडीत टाकला.

"टप्पे मारत?" उत्तमरावांनी विचारले.

"टप्पे मारत. मी शिकवले त्याले. तिथल्या जमिनीवर मारता येते, म्हणून. भगवंतनं बाहेर पाहिलं, मास्तर. तुमी जिथं बसता तिथं. तुमी असते तं म्हटलं असतं नं, मार टप्पा म्हणून?"

गाडीवरून भगवंत ऐकत होता. त्याने पोत्याची दोरी आवळली, सोडली, पुन्हा आवळली.

उत्तमरावांनी बशी खाली ठेवली. होय म्हटले असते तर सगळ्यांना बरे वाटले असते. पुंजारामला, भगवंतला, आणि ज्याने त्यांना इथे बसवून घेतले त्या नत्थुजींनाही दोष घेऊन मोकळे होता आले असते. उत्तमरावांनी त्यावर खरोखर विचार केला. त्याला वेळ लागला.

"नाही," ते म्हणाले. "मीबी दुसरा माणूसच पाह्यला असता."

मग भगवंतकडे वळून म्हणाले, "तुह्यं काही चुकलं नाही. आपली जमीन तशी होती."

संध्याकाळच्या मोटारीसाठी दोघे तिवशाकडे निघाले. नत्थुजी बांधापर्यंत पोचवायला आले. ज्वारीचे लहानसे गाठोडे त्यांनी मास्तरांच्या पिशवीत घातले आणि म्हणाले, की खळ्यावरून एक दाणा गेला नाही, पुढच्या साली पोट्टं न्यायला या, बदली म्हणून कोणीही चालेल.

उत्तमरावांनी पुंजारामच्या पाठीवर हात ठेवला.

"पुढच्या साली हा येईन," ते म्हणाले. "अमरावतीची जागा खाली होऊन राहिली. याले चहा द्यान, अन् खेळाचं काही विचारू नोका."

पुंजाराम त्या उन्हाळ्यात अमरावतीला रुजू झाला. त्याने सर्वांत आधी मैदान खणून काढले.