पत्ता तोच, फोटो दुसरा

चूक बाळाराम काकांची. आधीच सांगून टाकतो, कारण राहनाळच्या आमच्या गोडाऊनमध्ये मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात आणि दोष कुणाचा, ही गोष्ट कायम सगळ्यात खालच्या खोक्यात जाते.

आई गेली, मी इंजिनीअरिंग अर्धवट सोडलं आणि काकांच्या ऑफिसात बसलो. तेव्हापासून ते मला 'इंजिनेर' म्हणतात. हा त्यांचा आयुष्यातला एकमेव विनोद. कंटाळा घालवायला मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक विकी केला. स्वतःपुरता कोश म्हणा: प्रत्येक माणसाचं, प्रत्येक जागेचं एक पान आणि पानं एकमेकांना जोडलेली. फोटो मात्र पानात नाहीत. कॉम्प्युटर इतका जुना की जड फाइल उघडतच नाही, आणि काका नवा घेत नाहीत. म्हणून पानावर फोटोचा फक्त पत्ता: अमुक फोल्डर, अमुक नंबर. त्या पत्त्यावर जो असेल तो दिसणार. भाड्याच्या खोलीसारखं. भाडेकरू बदलला तरी दारावरची पाटी तीच.

आणि भाडेकरू बदलायचं काम काकांकडे! माल फुटला-भिजला की विम्याच्या क्लेमसाठी ते जुन्या डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढतात. महिनाअखेरीला कार्ड 'धुतात', म्हणजे फॉरमॅट मारतात. कॅमेरा पुन्हा एकपासून मोजायला लागतो. नवे फोटो त्याच फोल्डरमध्ये जातात. कॉम्प्युटर विचारतो, जुना काढून नवा ठेवू? काका न वाचता 'हो' दाबतात. यांनी जमिनी पण अशाच विकल्या.

* * *

पहिला बळी स्वतः काकाच. त्यांच्या पानावर मी लिहिलं होतं, 'बाळाराम काका, गोडाऊनचे मालक.' एका महिनाअखेरीनंतर वर काय आलं? उंदरांनी कुरतडलेलं खोकं, पोट फाटलेलं.

आमच्या मुकादमानं, सलीमभाईनं, स्क्रीन बघितली, काकांचं पोट बघितलं. मग म्हणाला, "सही तो है."

* * *

आईचा फोटो त्याच फोल्डरमध्ये होता. वज्रेश्वरीला गेलो होतो तेव्हा याच कॅमेऱ्यानं काढलेला: कुंडाच्या पायरीवर बसलीय, पाय गरम पाण्यात, हसतेय. एरवी ती फोटोला उभीच राहायची नाही. लग्नाचा अल्बम पुरात चिकटून वीट झाला. आधार कार्डावरची बाई आई नाही, हे कुणीही सांगेल. काका म्हणाले होते, दिवाळीला मोठी फ्रेम करू. मी भिंतीला खिळा मारून ठेवला. दिवाळ्या गेल्या.

तिचा नंबर बराच पुढचा. महिन्याचे फोटो तिथवर पोचत नसत. तरी मी एकदा मागितला. पण गेटवर मोबाइल जमा, पेनड्राइव्हला बंदी, त्या फोल्डरमधलं काही बाहेर न्यायचं नाही की नाव बदलायचं नाही, क्लेमचा मामला. काका म्हणाले, "आईचा फोटू काय पलून चाललाय? हाय तिथं हाय."

* * *

मग विहिरीचा किस्सा. गोडाऊनच्या जागी आमचं शेत होतं आणि शेतात पायऱ्यांची विहीर. आई लग्न होऊन आली तेव्हा तिथलंच पाणी भरायची. काकांनी विहीर बुजवून वर लादी टाकली. विहिरीच्या पानावर मी लिहिलं होतं, 'इथं पाणी होतं.'

कार्ड धुतल्यावर तिथं आला गोडाऊनच्या लादीचा फोटो. मधोमध ओला डाग. गोल. काका म्हणाले, पाईप गळत असेल.

वॉचमन धोंडूबाबांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "बाला, तिथं पाईपच न्हाय."

* * *

धोंडूबाबांच्या पानावर त्यांचा गेटवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतला फोटो होता. खाली माझं वाक्य: 'हा माणूस कधी उठत नाही.' काकांनी नव्या शटरचे फोटो काढले आणि पत्त्यावर तीच खुर्ची आली. रिकामी.

बाबा हसले. म्हणाले, चहाला गेलो असेन.

पुढच्या आठवड्यात ते झोपेतच गेले. सलीमभाई दहाव्याहून आला तो सरळ माझ्या टेबलाशी. "भाई, मेरा पेज निकाल दे." मी काढलं.

* * *

मग थोरांची बैठक. मला कॉलेज जमलं नाही म्हणून ऐकवणारी हीच माणसं भगताला घेऊन आली. कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर. कॉम्प्युटरच्या एका प्रश्नाचं उत्तर 'नाही' द्यायचं होतं, तेवढं कुणाला सुचलं नाही. मी सांगितलं, तर काका म्हणाले, मोठ्यांना शिकवू नको. त्यानंतर रोज सकाळी ते गुपचूप स्वतःचं पान उघडून बघायचे. मी खुर्चीच्या आवाजावरून ओळखायचो.

* * *

आता शेवटचा.

मी दापोड्याला कागद द्यायला गेलो होतो. इकडे भर दुपारी त्या गोल डागावरची लादी खचली आणि वरची अख्खी थप्पी कोसळली. काकांनी आयुष्यात काढले नव्हते इतके फोटो त्या दुपारी काढले. मी परत आलो तोवर त्यांनी ते कॉम्प्युटरवर टाकलेसुद्धा होते. त्यांना वाटलं, मी शाबासकी देईन.

मी आईचं पान उघडलं. खाली माझी ओळ तशीच: 'आई. पायरीवर, पाय पाण्यात.'

वर फोटो होता. विहिरीच्या दगडी पायऱ्या, पाण्यात उतरणाऱ्या. पाण्याच्या लगेच वरच्या पायरीवर दोन ओल्या पावलांचे ठसे. बोटं वरच्या दिशेला.

आम्ही तिघं धावत खड्ड्यापाशी गेलो. आत फुटकी लादी, खोकी, चिखल. पायऱ्या कुठंच दिसत नव्हत्या. सलीमभाईनं विचारलं, आत कोण उतरलं होतं? कुणीच नाही.

काका कॅमेरा माझ्या हातात कोंबत राहिले. "ह्यो मी काडलेला न्हाय रं. आईशप्पत, ह्यो मी काडलेला न्हाय."

काकांना क्लेम मिळाला. आईचा दुसरा फोटो नाही.